पैनगंगेकाठचा बर्फ आणि कसाऱ्याची रेल्वे

आजचा भाग दगडावरच्या ओरखड्यांबद्दल आहे. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण दहा मिनिटं द्या. या ओरखड्यांमुळे आपल्याला कळलं की महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात कधीकाळी हिमनदी वाहत होती. आज त्याच कोपऱ्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. हो, चंद्रपूरच.

मी उंबरमाळीचा. कसारा लोकलने जाणाऱ्यांना माहीत असेल, खर्डीनंतर आणि कसाऱ्याच्या आधी लागतं ते. शहापूर असो की मुरबाड, आमच्याकडे जिकडे बघाल तिकडे काळा कातळ. माहुलीचे सुळके, माळशेजच्या भिंती, नाणेघाटाचा अंगठा, सगळा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, त्यातून हे डोंगर झाले. आजची गोष्ट मात्र त्याच्याही खूप आधीची, जवळपास तीस कोटी वर्षांपूर्वीची आहे. तेव्हाची जमीन आमच्याकडे दिसणं शक्य नाही, ती लाव्ह्याखाली गाडली गेलीय. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट लागला. म्हणजे बर्फाचं पान वाचायचं असेल तर लाव्ह्याच्या चादरीबाहेर, विदर्भाच्या पूर्व टोकाला जावं लागतं.

पण गंमत अशी की त्या बर्फाचा शोध लागण्यात आमच्या कसाऱ्याच्या रेल्वेसारख्या रेल्वेंचा हात आहे.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला मार्ग १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. चढ किती? ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. वाफेच्या इंजिनांना त्यासाठी कोळसा लागायचा, आणि मुंबईत येणारा कोळसा बहुतेक बोटीने इंग्लंडहून यायचा. महागडा प्रकार. देशातच कोळसा सापडला तर रेल्वे आणि आगबोटी दोन्ही स्वस्तात चालतील, हा हिशेब ईस्ट इंडिया कंपनीने आधीच केला होता. त्यासाठी १८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांना बोलावून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झालं. आज आपण ज्याला जीएसआय म्हणतो, ती संस्था. पहिलं काम काय, तर कोळसा शोधा.

ओल्डहॅमच्या हाताखाली तरुण पोरं होती. विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोन भाऊ, आणि त्यांच्याबरोबर विल्यम थिओबाल्ड. ब्लॅनफर्ड भाऊ तेव्हा पंचविशीच्याही आतले, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पहिल्या नोकरीचं वय. १८५६ मध्ये ही मंडळी ओडिशातल्या तालचेरला कोळसा बघत होती. कोळशाच्या थरांच्या खाली त्यांना एक विचित्र थर दिसला. बारीक, हिरवट मातीच्या दगडात मोठमोठे गोटे रुतलेले. काही गोटे माणसाएवढे, आणि काही तर अशा खडकाचे की तो खडक जवळपास नाहीच.

आता तुम्हीच विचार करा. नदी मोठे गोटे वाहून आणते, पण तेव्हा तिला जोर असतो, त्यामुळे बारीक गाळ तिथे टिकत नाही. बारीक गाळ खाली बसायला पाणी संथ लागतं, आणि संथ पाणी गोटा हलवत नाही. मग दोन्ही एकत्र कसे आले? या मंडळींनी उत्तर दिलं, बर्फ. बर्फात अडकलेला गोटा बर्फाबरोबर प्रवास करतो आणि बर्फ वितळला की जिथे असेल तिथे खाली पडतो.

हे उत्तर धाडसाचं होतं. युरोपात कधीकाळी हिमयुग होतं हे लुई अगासीने पुस्तक लिहून मांडलं ते १८४० मध्ये, आणि तिथेही ते पचायला वेळ लागत होता. इथे तर उष्ण कटिबंधातल्या सपाट मुलखात बर्फ होता असं सांगायचं होतं. पुरावा हवा होता, नुसता तर्क चालणार नव्हता.

तो पुरावा महाराष्ट्रात सापडला. वर्धा खोऱ्यात कोळशासाठी पाहणी चालू होती, वरोऱ्याची खाणही याच दशकात सुरू झाली. याच कामातल्या फ्रान्सिस फेडन यांना चंद्रपूरच्या नैऋत्येला, पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ चुनखडकाचा उघडा पृष्ठभाग दिसला. (नकाशावर शोधताना घोळ करू नका. इरई नदी आणि इरई धरण वेगळं, हे गाव वेगळं.) खडक घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा. १८७५ मध्ये त्यांनी हे छापलं. शीर्षकात शब्द वापरला ‘ग्राउंड आइस’, म्हणजे पाण्याच्या तळाशी धरणारा बर्फ. हिमनदी म्हणायला अजून जीभ रेटत नव्हती असं दिसतं.

मी हिवाळ्यात तिकडे गेलो होतो. कोरपना भागातला रस्ता, सिमेंटचे ट्रक, दोन्ही बाजूंना कापूस. नदीकाठचा तो खडक पहिल्या नजरेत काहीच वाटत नाही. दुपारी डोक्यावर ऊन असताना तर रेघा सपाट होऊन जातात. ऊन तिरपं झालं की मात्र त्या उठून दिसतात. बोट फिरवलं की आधी गुळगुळीतपणा जाणवतो आणि मग खाच.

मनात शंका येतेच, या रेघा कशावरून बर्फाच्या? बैलगाडीच्या चाकोऱ्या असतील, कुणी पाट्याला टाकी लावावी तशा मारल्या असतील. पण टाकी लावलेला पाटा खडबडीत होतो, इथे खडक घासून चकचकीत झालाय. हिमनदीच्या तळाशी दगड अडकलेले असतात, वरून प्रचंड वजन असतं आणि सगळं हळूहळू पुढे सरकत असतं. पॉलिश पेपर खडकावर ओढल्यासारखं. वाळू खडक गुळगुळीत करते आणि मोठे दगड खाचा पाडतात. आणि खरा पुरावा असा की हा घासलेला पृष्ठभाग त्याच तालचेरसारख्या गोट्यांच्या थराखाली जातो. थर तीस कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे त्याखालचा ओरखडा नंतरचा असूच शकत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग फाइलवर टाइमस्टॅम्प आहे.

पुढची कडी जगभर जोडली गेली. असेच गोटे आणि ओरखडे दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडले. एवढे दूरचे, आज उबदार असलेले प्रदेश एका काळात एकदम गोठले कसे? आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं, आणि त्यांच्या पुराव्यांत हे जुने बर्फाचे थर महत्त्वाचे होते. हे सगळे तुकडे एकत्र जोडा, दक्षिण ध्रुवाकडे न्या, बर्फाचे डाग एका जागी येतात. त्या जोडलेल्या खंडाला आज जग गोंडवन म्हणतं. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातल्या खडकांना गोंडांच्या मुलखावरून हे नाव दिलं, पुढे एडुआर्ड झ्यूस यांनी ते अख्ख्या खंडाला लावलं. चांदा, म्हणजे चंद्रपूर, ही गोंड राजांची राजधानी. जगभरच्या पुस्तकांत गेलेलं नाव आपल्या शेजारचं आहे.

आणि कोळसा? बर्फ वितळला, दलदली झाल्या, जंगलं वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. म्हणून बर्फाचा थर खाली आणि कोळसा वर. इंजिनासाठी कोळसा शोधणाऱ्यांना बर्फ सापडला तो याच क्रमामुळे.

आता मुद्द्याचं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ हॅलेट कोव्ह नावाची जागा आहे. राल्फ टेट यांना १८७७ मध्ये तिथे इरईसारखेच, त्याच जुन्या हिमयुगाचे ओरखडे दिसले, म्हणजे फेडननंतर दोनच वर्षांनी. पुढे तिथे घरं बांधायची वेळ आली तेव्हा लोक आडवे आले, आणि १९७६ मध्ये ते छोटं संरक्षित उद्यान झालं. अमेरिकेत ओहायोच्या केलीज बेटावर चुनखडकात हिमनदीने कोरलेल्या खोबणी आहेत, सुमारे ४०० फूट लांब. वयाने इरईपुढे अगदीच कालच्या, हजारो वर्षांच्या. त्या आज कुंपणात सुरक्षित आहेत. पण बेटावरच्या अशाच इतर खोबणी दगडाच्या खाणींनी खाऊन टाकल्या.

इथे माझ्या पोटात गोळा येतो. कारण इरईचा खडकही चुनखडक आहे, आणि चुनखडक म्हणजे सिमेंट. गडचांदूर, आवारपूर, सगळा सिमेंटचा पट्टा याच भागात. सिमेंट नको असं मी म्हणत नाही, मी राहतो ती बिल्डिंगही त्याचीच. पण खाच काही मिलिमीटरची. एक नांगरट, एक रस्त्याचं काम, एक ‘आय लव्ह यू’ कोरणारा, आणि संपलं. ही फाइल एकच कॉपी आहे, बॅकअप नाही.

लेणी-किल्ल्यांसाठी पुरातत्त्वाचा कायदा आहे, जंगलासाठी वन कायदा आहे. अशा खडकांसाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे. तोवर काय? तोवर गाव आणि जाणारे-येणारे. गेलात तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, म्हणजे खाचेचा आकार कळेल. हातोडा नेऊ नका, नमुना आणू नका. गावातल्या शाळेतल्या पोरांना तो फोटो दाखवा आणि सांगा, इथे बर्फ होता. ज्याला आपल्या बांधावरचा दगड काय आहे ते माहीत असतं, तो त्यावर सहजासहजी जेसीबी चालवू देत नाही.

पुढच्या भागात परत आमच्या काळ्या कातळाकडे येऊ, माहुलीच्या सुळक्यांची गोष्ट घेऊन. तोवर तुमच्या गावात असा एखादा वेगळा दगड असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. भेटूया!