आरक्षण उठलं कसं?

प्रभात रस्त्यावरचा पत्ता अजूनही गल्लीच्या आकड्यानं सांगतात. 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीवरून या रस्त्याला नाव पडलं आणि दुतर्फा बंगले, झाडं, पेन्शनरांच्या फेऱ्या अशी त्याची ओळख झाली. इथल्या अंतिम भूखंड क्रमांक 110 ला मात्र नाट्य लाभलं ते सरकारी फायलीत. जागा जेमतेम साडेतीन हजार चौरस मीटरची. महापालिकेच्या जुन्या विकास आराखड्यात ती बागेसाठी राखीव होती, 1987 च्या आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी. मालकाला आरक्षण नको होतं, जागेवर भाडेकरू होते, महापालिकेला संपादनाची घाई नव्हती. पुण्यात अशा जागा पैशाला पासरी.

1995 मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि नगरविकास खातंही त्यांच्याचकडे राहिलं. त्याच वर्षी मालकानं जागेच्या विकासाचा करार केला तो जोशींचे जावई असलेल्या बांधकाम व्यावसायिकाशी. पुढच्या वर्षी शाळेचं आरक्षण उठलं. काही काळातच तिथे दहा मजली 'सनड्यू' इमारत उभी राहिली.

'आरक्षण उठणं' हा पुण्यातल्या बांधकाम धंद्यातला नित्याचा शब्दप्रयोग. ऐकताना वाटतं, पाखरू उठावं तसं ते आपसूक उठतं. प्रत्यक्षात त्याला सरकारी हात लागतात. नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली आराखड्यात 'किरकोळ फेरबदल' करता येतो. त्यासाठी प्रस्ताव, हरकती-सूचना, नगररचना संचालकांचं मत, मंत्रालयातली टिपणी आणि शेवटी मंजुरी अशी वाट आहे. प्रभात रस्त्याच्या फायलीत अधिकाऱ्यांचा सुरुवातीचा सूर नकाराचा होता. मग मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयानं लक्ष घातलं आणि सूर बदलला. आख्खी शाळा गाळण्याला 'किरकोळ' म्हणायचं, तर 'मोठा' फेरबदल कशाला म्हणतात हा प्रश्नच पडतो.

पत्रकार विजय कुंभार आणि नगरसेवक नितीन जगताप उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 1999 अखेर जोशींनी मुख्यमंत्रिपद सोडलं. मार्चमध्ये उच्च न्यायालयानं आरक्षण उठवण्याचा निर्णय रद्द करून इमारत पाडायला सांगितलं. जावयाचा या जागेशी संबंध आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं जोशींचं म्हणणं होतं. ते न्यायालयाला पटलं नाही. फायलीत पैशाच्या पुडक्याचा उल्लेख नव्हता. होते ते शेरे आणि तारखा, आणि निकाल उभा राहिला तो त्यांच्यावरच.

शब्दांआड देवघेव दडवण्याची रीत पुण्याला नवी नव्हती. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानं महाल मक्त्यानं द्यायला सुरुवात केली, तेव्हा हिशेबात 'दरबारखर्च' पडे आणि गुपचूप द्यायच्या रकमेला 'अंतस्थ' म्हणत. इंग्रजी अंमल बसवणाऱ्या एल्फिन्स्टनच्या अहवालातही या प्रथेची दखल आहे. अर्थात, बाजीरावाला कुणी निवडून दिलं नव्हतं. मतं मागून खुर्चीवर बसलेल्यांना आणखी सभ्य शब्द लागले.

मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुल्यांच्या काळात तो शब्द होता 'देणगी'. त्या वेळी सिमेंटवर नियंत्रण होतं. कोट्याच्या चिठ्ठीवाचून इमारतीचं काम अडायचं. कोटा मिळवणाऱ्या बिल्डरांच्या देणग्या 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान'कडे जात. ऑगस्ट 1981 मध्ये अरुण शौरींनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये प्रकरण उघड केलं. मृणाल गोरे आणि प. बा. सामंत यांनी न्यायालयात दाद मागितली. 12 जानेवारी 1982 रोजी न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि कोटा यांचा संबंध जोडला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे फौजदारी खटल्याचं गुऱ्हाळ वर्षानुवर्षं चाललं, शिक्षा मात्र झाली नाही.

चार वर्षांनी मुख्यमंत्री शिवाजीराव निलंगेकरांची पाळी आली. इथे सिमेंट नाही, जमीन नाही. मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेत त्यांच्या मुलीचे गुण वाढवल्याचं प्रकरण होतं. न्यायालयाचे ताशेरे आले आणि मार्च 1986 मध्ये निलंगेकर पायउतार झाले. अंतुल्यांवर आरोप संस्थेसाठी पैसे जमवल्याचा होता. इथून प्रकरणं लेकी-जावयांपर्यंत आली, म्हणजे घरात आली.

युतीच्या काळात पुण्यानं आणखी एक दृश्य पाहिलं. मंत्री बबनराव घोलप यांच्यावर आरोप करणाऱ्या अण्णा हजारे यांना बदनामीच्या खटल्यात तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि 1998 मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात गेले. पुढे 1999 मध्ये घोलपांचं मंत्रिपद गेलं, आणि बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात 2014 मध्ये त्यांना शिक्षाही झाली. आरोप करणारा आधी आत आणि आरोपी सोळा वर्षांनी दोषी, एवढाच काय तो फरक.

जमीन मात्र सुटली नाही. 2016 मध्ये महसूलमंत्री एकनाथ खडसे यांच्या पत्नी आणि जावयानं भोसरीतली सुमारे तीन एकर जमीन 3 कोटी 75 लाखांना घेतल्याचं प्रकरण गाजलं. त्या जमिनीवर एमआयडीसीचा दावा होता. जूनमध्ये खडसेंनी राजीनामा दिला. आरोप त्यांनी कायम नाकारले. प्रभात रस्ता ते भोसरी हे अंतर फार नाही, आणि दोन्हीकडे जावईच.

प्रभात रस्त्याच्या खटल्याचा शेवटचा निकाल 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला. आरक्षण उठवणं बेकायदाच ठरलं. पण दहा मजले जमीनदोस्त करण्याऐवजी इमारत महापालिकेच्या ताब्यात द्यावी, असं न्यायालयानं सांगितलं. 1987 मध्ये पहिलीच्या वर्गात बसली असती ती मुलं तोवर तिशीत पोचली होती.