माथेरानमध्ये ट्रेकिंगच्या कपड्यांचं ‘पर्यावरणपूरक’ दुकान काढायचं तर?

पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी सकाळी नेरळ स्टेशनवर बघा. ट्रेकला निघालेल्या बऱ्याच जणांच्या अंगावर पातळ प्लास्टिकचा, स्वस्तातला रेनकोट असतो. गार्बेट किंवा विकटगड करून येईपर्यंत त्यातल्या कित्येकांची शिवण उसवते. काही रेनकोट तर झाडीतच राहतात. मग कुणाच्या तरी मनात येतं, माथेरानच्या बाजारात चांगल्या, टिकणाऱ्या, निसर्गाला कमी त्रास देणाऱ्या कपड्यांचं दुकान का नसावं?

कल्पना चांगली आहे. पण माथेरान हे इतर गावांसारखं गाव नाही, हे आधी लक्षात घ्यावं लागतं.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये या डोंगरावर चढला आणि त्यानंतर इथे गोऱ्या साहेबांची आणि मुंबईतल्या श्रीमंतांची वसाहत झाली. 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबानं बांधलेली छोटी रेल्वे सुरू झाली. 2003 मध्ये केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. झाडतोड, खोदकाम, नवं बांधकाम यांवर बंधनं आली. त्यामुळे नवी इमारत बांधून दुकान काढायचा विचार सोडूनच द्यावा. बाजारातला जुना गाळा भाड्यानं घेणं हाच व्यवहारी मार्ग. त्यातही दर्शनी भागात बदल करायचा असेल तर आधी नगरपरिषदेत चौकशी केलेली बरी.

माल वर चढणार कसा?

गावात मोटारगाड्यांना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत येते, तिथून बाजार दोन-अडीच किलोमीटर. हा टप्पा माल घोड्यावर किंवा हातगाडीवर पार करतो. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. म्हणजे प्रत्येक खोक्याला वाहतुकीचा खर्च आहे, आणि न विकलेला माल परत पाठवायचा तर तोच खर्च दुसऱ्यांदा. शंभर डिझाइनचे टी-शर्ट भरून ठेवणारं दुकान इथे परवडत नाही. थोडे प्रकार, सगळे साइझ, असंच गणित बसतं.

कापड कुठलं?

‘पर्यावरणपूरक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सुती कापड येतं. उन्हाळ्यात ठीक. पण माथेरानच्या पावसात भिजलेला सुती शर्ट जड होतो, वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गार पाडतो.

दुसरा लोकप्रिय पर्याय म्हणजे बाटल्यांपासून बनवलेलं पॉलिएस्टर. ते नव्या पॉलिएस्टरपेक्षा बरं, पण धुताना त्यातूनही प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातातच. शिवाय बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. जॅकेटचं पुन्हा जॅकेट होणं मात्र अजून दुर्मीळ आहे. हे ग्राहकाला सांगणारे दुकानदार कमीच.

तिसरा प्रश्न वॉटरप्रूफ लेपाचा. पाणी थेंबाथेंबानं ओघळून जावं म्हणून जॅकेटवर वर्षानुवर्षं ‘पीफास’ गटातली रसायनं वापरली गेली. ती निसर्गात जवळपास विघटित होतच नाहीत. फ्रान्सनं 2026 च्या सुरुवातीपासून अशा कपड्यांच्या विक्रीवर बंदी आणली आहे. माल घेताना ‘पीफास-मुक्त’ असं लेखी मागावं. असा लेप लवकर उतरतो, तो अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो, हेही गिऱ्हाइकाला सांगून टाकावं.

सह्याद्रीत याचं जुनं उत्तर इरलं आणि घोंगडी हे होतं. लोकर भिजली तरी ऊब देते. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, अंगाला टोचते. त्यामुळे तिचा अंगालगतचा शर्ट होणार नाही. वरून घालायचं जाकीट, टोपी, बसायचं आसन एवढं नक्की होईल.

पाटीवर काय लिहायचं?

इथे जपून. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर 2024 मध्ये खोट्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. नुसतं ‘इको-फ्रेंडली’ किंवा ‘ग्रीन’ लिहून चालत नाही, दाव्याला पुरावा हवा. फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘गॉट्स’ शिक्का असलेल्या कपड्यात किमान 70 टक्के सेंद्रिय धागा असावा लागतो. असं ठोस काही लिहिता येत असेल तर लिहावं, नाहीतर गप्प बसावं.

खरा धंदा भाड्याचा आणि दुरुस्तीचा

कपडा जितका जास्त वापरला जाईल तितका त्याचा निसर्गावरचा भार वाटला जातो. मुंबई-पुण्याहून वर्षातून एकदा येणाऱ्या माणसानं चार हजारांचं जॅकेट विकत घेऊन कपाटात ठेवण्यात काय अर्थ? समजा, तेच जॅकेट दिवसाला 200 रुपये भाड्यानं दिलं, तर किंमत 20 दिवसांत निघते. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवार धरले तरी 34 च्या आसपास दिवस होतात. धुण्याचा आणि फाटण्याचा खर्च त्यातून वजा करायचा.

अडचण एकच आणि ती मोठी आहे: वाळवणं. माथेरानच्या जुलैत काहीच वाळत नाही. ओलं जॅकेट घडी करून ठेवलं की बुरशी धरते आणि आतला थर पापुद्र्यासारखा सुटतो. त्यामुळे गाळ्यामागे हवा खेळणारी, गरम ठेवता येणारी एक खोली हवीच. विजेचं बिल भाड्यात धरावं लागेल.

दुरुस्तीचं मात्र सोपं आहे. माथेरानचा बाजार चपला-बुटांसाठी आधीच ओळखला जातो, शिवणकाम जाणणारे हात तिथे आहेत. बुटाचा तळ बसवणं, झिपचा रनर बदलणं, शिवणीवरची टेप गरम करून लावणं ही कामं शिकून घेण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या पॅटागोनिया कंपनीनं 2011 मध्ये ‘हे जॅकेट घेऊ नका’ अशी जाहिरात दिली होती. त्याच काळात ती जुने कपडे दुरुस्त करून द्यायलाही पुढे आली होती.

करांचा भाग नीट समजून घ्यावा. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या किमतीला 18 टक्के. म्हणजे चांगल्या जॅकेटवर जास्त कर आणि स्वस्तातल्या कपड्यावर कमी! शिवाय नुसता माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण भाडं आणि दुरुस्ती या सेवा धरल्या जातात, त्यामुळे अशा दुकानासाठी मर्यादा 20 लाखांची. हिशेब पहिल्या दिवसापासून त्या बेतानं ठेवावा.