बैलाचं इंजेक्शन आणि गिधाडाचं मूत्रपिंड

धुळे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एक प्रश्न विचारून बघा: "मेलेलं जनावर पूर्वी कुठे टाकायचे आणि त्याचं पुढे काय व्हायचं?" माझे आजोबा सांगायचे की, गावाबाहेर कातडं काढून होईपर्यंत आभाळात गिधाडं गोल फिरायला लागलेली असायची. दुपार टळेपर्यंत नुसता सांगाडा उरायचा, वासही सुटायचा नाही. हे मी ऐकलंय, पाहिलेलं मात्र नाही. माझ्या पिढीला गिधाड माहीत आहे ते पुस्तकातल्या चित्रातून.

एम.एस्सी.ला असताना डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची रचना आणि कार्यपद्धती आम्ही पाठ केली होती. त्यात 'गिधाड' हा शब्द एकदाही आला नाही. पुढे पीएच.डी.साठी औषध उद्योगाच्या जबाबदारीवर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की आजोबांची गोष्ट आणि माझ्या नोट्समधलं ते रेणुसूत्र एकाच इतिहासाची दोन टोकं आहेत. तो इतिहास इथे मांडतोय. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यात पद्धतीच्या दृष्टीनेही शिकण्यासारखं खूप आहे.

पहिली नोंद

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) ही मुंबईतली १८८३ साली स्थापन झालेली संस्था. तिचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८० च्या दशकात त्यांनी तिथे पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या ३५० हून जास्त जोड्या मोजल्या होत्या. दहा वर्षांनी, १९९६-९७ मध्ये, ते पुन्हा मोजायला गेले तर निम्म्यासुद्धा उरल्या नव्हत्या. झाडांवर माना खाली टाकून बसलेली आजारी गिधाडं दिसत होती आणि झाडांखाली मेलेली.

इथे थोडं थांबू. जुनी मोजणी नसती तर नवीन मोजणीला काही अर्थच उरला नसता. "पूर्वी खूप होती, आता कमी झाली" एवढंच कुणीतरी म्हणालं असतं आणि विषय तिथेच संपला असता. आधारभूत नोंद ठेवणं हे कंटाळवाणं काम आहे, त्यावर लगेच पेपर होत नाही. पण या प्रकरणात पुढचं सगळं त्या वहीवर उभं आहे. नंतर देशभर केलेल्या मोजण्यांवरून दिसलं की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली, तर भारतीय (लांब चोचीचं) आणि बारीक चोचीचं गिधाड मिळून जवळजवळ ९७ टक्क्यांनी.

चुकीचे संशयित

सुरुवातीला संशय कीटकनाशकांवर होता. अन्न कमी पडतंय का, हेही तपासलं गेलं. पण जनावरं मरत होती आणि त्यांची शवं पडून राहत होती, म्हणजे अन्नाचा तुटवडा नव्हता. मग बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष विषाणूवर होतं. रोग एकाच वेळी सगळीकडे पसरतोय म्हणजे साथच असणार, हा तर्क अगदी सरळ होता. आणि चुकीचा होता.

उत्तर सापडलं ते सीमेपलीकडे, पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी तिथे तपासलेल्या २५९ मृत गिधाडांपैकी ८५ टक्क्यांच्या अवयवांवर पांढरा, खडूसारखा थर होता. तो यूरिक आम्लाचा. मूत्रपिंड निकामी झालं की पक्ष्याच्या शरीरातलं यूरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि आतल्या अवयवांवर साचतं. विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात, ओळखीची कीटकनाशकंही सापडेनात. तेव्हा त्यांनी प्रश्नच बदलला: गिधाडं खातात काय? पाळीव जनावरांचं मांस. मग त्या जनावरांना काय दिलं जातं? ते पशुवैद्यांकडे आणि औषधांच्या दुकानांत विचारायला गेले. मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल असं, तोंडावाटे शोषलं जाणारं आणि नव्यानेच सर्रास वापरात आलेलं एकच औषध निघालं: डायक्लोफेनॅक.

मग तपासणी झाली. यूरिक आम्लाचा थर असलेल्या २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक सापडलं, २५ पैकी २५ मध्ये. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत ते एकाही ठिकाणी नव्हतं. एवढ्यावर न थांबता औषध दिलेल्या जनावराचं मांस बंदिस्त गिधाडांना खायला घातलं आणि तोच आजार पुन्हा दिसला. २००४ साली 'नेचर'मध्ये हा शोधनिबंध आला. सहसंबंध, नियंत्रण गट आणि प्रयोग, तिन्ही गोष्टी एकाच कामात. संशोधन पद्धतीच्या पेपरला उदाहरण हवं असेल तर हेच लिहा.

एक शंका मात्र उरतेच: सगळ्याच जनावरांना इंजेक्शन देत नाहीत आणि औषध काही दिवसांत शरीराबाहेर जातं. मग एवढी गिधाडं कशी मेली? त्याचं उत्तर गणितात मिळालं. एका शवावर अनेक गिधाडं तुटून पडतात आणि ती वर्षाला जेमतेम एक पिल्लू वाढवतात. त्यामुळे ७६० पैकी १ ते १३० पैकी १ एवढ्या शवांत घातक प्रमाण असलं तरी ही घट घडू शकते, असं त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात निघालं. प्रत्यक्षात बंदीपूर्वी भारतात गोळा केलेल्या १,८४८ नमुन्यांपैकी सुमारे १० टक्क्यांत हे औषध होतं.

दोष कुणाचा?

पेरणीच्या दिवसांत बैल लंगडायला लागला तर खान्देशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं काय होतं, ते सांगायला नको. स्वस्त इंजेक्शन मिळालं, बैल उभा राहिला. शेतकऱ्याने काही चुकीचं केलं नाही, पशुवैद्यानेही नाही.

औषध स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगीचं, १९७० च्या दशकात माणसांसाठी आलेलं. १९९० च्या दशकात अनेक छोट्या-मोठ्या कंपन्यांनी ते जनावरांसाठी स्वस्तात बनवायला सुरुवात केली. कायद्याने मागितलेल्या चाचण्या जनावराच्या सुरक्षिततेच्या होत्या. जनावर मेल्यावर ते कोण खातं, हा प्रश्न कोणत्याच फॉर्ममध्ये नव्हता. जबाबदारी आणि कायदेपालन यांतलं अंतर ते हेच. कायदा विचारत नाही म्हणून उद्योगानेही विचारायचं नाही, असं ठरलं की किंमत तिसराच कुणीतरी मोजतो.

ती किंमत फक्त पक्ष्यांनी मोजली नाही. शवं कुजत राहिली, भटकी कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाची अंत्यविधीची परंपराच अडचणीत आली आणि सूर्यकिरण एकवटणारी यंत्रणा लावावी लागली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचा अधिवास असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतले मृत्यू ताडून पाहिले. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जास्तीचे मानवी मृत्यू झाले, असा त्यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. हा अंदाज आहे, मोजलेली संख्या नव्हे. पण तो अर्धा धरला तरी झोप उडावी.

बंदी आणि पळवाट

मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं २००६ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी भारत, पाकिस्तान व नेपाळने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. नुसतं "हे वाईट" म्हणून भागत नाही, "त्याऐवजी हे" असं सांगावं लागतं, हे इथे नीट दिसतं.

पण माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक ३० मिलिच्या मोठ्या बाटल्यांत मिळतच राहिलं. माणसाला एका वेळी ३ मिलि पुरतं. मग ३० मिलि कुणासाठी? उत्तर सगळ्यांना माहीत होतं. शेवटी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ३ मिलिपेक्षा मोठ्या बाटल्या बंद केल्या. त्याविरुद्ध काही कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. औषध काय करतं हे २००४ पासून छापून आलेलं होतं, तरीही ही लढाई लढली गेली. माहिती नव्हती हे कारण १९९४ ला चालतं, २०१५ ला नाही.

नंतर कळलं की अॅसिक्लोफेनॅक जनावराच्या शरीरात गेलं की त्याचंच डायक्लोफेनॅक होतं. ते आणि किटोप्रोफेन यांच्यावर जनावरांसाठी बंदी आली ती २०२३ मध्ये. म्हणजे औषध आधी बाजारात, चाचणी मागून, हा क्रम अजून पुरता बदललेला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोर प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडं आपल्या राज्यात पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. एक जोडी वर्षाला एक पिल्लू, या वेगाने गेलेली लाखो गिधाडं परत यायला किती पिढ्या लागतील, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

रसायनशास्त्र, फार्मसी किंवा जैवतंत्रज्ञानात संशोधनाला जाणार असाल तर एक सवय लावून घ्या. रेणूचं काम संपलं की तो पुढे कुठे जातो, हा प्रश्न प्रस्तावातच लिहा. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसेल, तरी लिहा. आणि सुट्टीत गावी गेलात की म्हाताऱ्या माणसांशी बोला. आजोबा गेले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेवटचं गिधाड कोणत्या वर्षी पाहिलं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. तुमच्याकडे अजून वेळ असेल तर विचारा आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवा.