हुंदक्याचं यंत्र

1953 सालच्या नोव्हेंबरअखेरीस नॅशव्हिलमध्ये वेब पिअर्स हा गायक ‘स्लोली’ नावाचं एक संथ प्रेमगीत ध्वनिमुद्रित करत होता. साथीला बड आयझॅक्स. त्याच्या पुढ्यात चौकटीच्या पायांवर आडवी ठेवलेली स्टील गिटार, म्हणजे तारांवर पोलादी कांब सरकवून वाजवायची गिटार, आणि तिच्याखाली एक पेडल. पेडलची तशी नवलाई उरलेली नव्हती. गिब्सन कंपनीने 1940 च्या सुमारासच पेडलवाली गिटार काढली होती. पण वादक ते पेडल दाबत ते तारा गप्प असताना, एक स्वरमेळ संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या फटीत, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये अशा बेताने. आयझॅक्सने तारा घुमत असतानाच पाय खाली नेला.

काय झालं ते आपल्या सरगमीत चटकन सांगता येतं. सा, ग आणि प अशा तीन तारा एकदम वाजताहेत असं समजा. पेडल खाली जाताच सा जिथल्या तिथे राहिला, ग सरकत म वर गेला आणि त्याच वेळी प सरकत ध वर. आपली मींड एकाच स्वरधारेची असते. इथे तिघांपैकी दोघंच निघाले आणि तिसरा हललाच नाही. कानाला हा प्रकार आवंढा गिळल्यासारखा लागतो.

‘स्लोली’ 1954 मध्ये अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या यादीत 17 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मग काय, जो तो स्टील गिटारवाला आपल्या वाद्याला पेडल जोडायच्या खटाटोपाला लागला.

पन्नास-साठच्या दशकांतली कंट्री गाणी अजून का आठवतात, असं त्या गाण्यांच्या रसिकांना विचारलं तर ते शब्दांकडे बोट दाखवतात. साधे शब्द, रोजचं दुःख, फसलेलं लग्न, रिकामं घर, दारूचा ग्लास. ते खरंच आहे. पण साधे शब्द पुष्कळ गाण्यांत असतात. या गाण्यांची खुबी मला वाटते ती श्रमविभागणीत आहे. गायक रडत नाही. तो बातमी सांगावी तसं एक वाक्य सांगतो आणि थांबतो. त्या थांबण्यात रडायचं काम स्टील गिटार करते. ठुमरीत गायिकेची ओळ संपल्यावर सारंगी ती पुन्हा बोलून दाखवते, तसाच काहीसा हा करार. गायक कोरडा राहू शकतो, कारण ओलावा दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला असतो. आणि हा दुसरा, ज्याचा आवाज आज अमेरिकन खेड्याचा अगदी अस्सल, मातीतला आवाज मानला जातो, तो मुळात त्या मातीतला नाही.

तो समुद्रातून आला.

हवाई बेटांवर गिटार पोचली तीच गुराख्यांबरोबर. 1793 मध्ये व्हँकुव्हर नावाच्या ब्रिटिश कप्तानाने तिथल्या राजाला गुरं भेट दिली. ती मोकाट वाढली, शेतं तुडवू लागली, तेव्हा 1830 च्या दशकात त्यांना आवरायला मेक्सिकोकडचे घोडेस्वार गुराखी बोलावले गेले. त्यांच्या सामानात गिटारी होत्या. हवाईच्या लोकांनी त्या उचलल्या आणि तारा आपल्या मर्जीने सैल करून लावल्या, इतक्या की बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी अख्खा स्वरमेळ वाजावा. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या जुळणीत आहे. मोकळ्या तारांतच स्वरमेळ तयार असेल, तर त्यांच्यावरून कुठलीही सरळ, कठीण वस्तू फिरवा, तो स्वरमेळ जसाच्या तसा वर-खाली जातो.

ती वस्तू पहिल्यांदा फिरवण्याचा मान जोसेफ केकुकू या मुलाला दिला जातो. जन्म 1874 चा, ओआहू बेटावरच्या लाइए गावातला. 1889 च्या सुमाराची गोष्ट सांगतात ती अशी: वाटेत सापडलेला एक लोखंडी बोल्ट त्याने गिटारीच्या तारांना लावून पाहिला. आवाज आवडला. मग चाकूची बोथट बाजू झाली, कंगवा झाला, आणि शेवटी होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकताना तिथल्या कारखान्यात त्याने पोलादाची गुळगुळीत कांब घडवून घेतली. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात कांब. तारा इतक्या उंच बसवलेल्या की खालच्या पडद्यांना टेकूच नयेत. पडद्यांचा उपयोग आता फक्त डोळ्यांना, जागा ओळखण्यापुरता.

याच कथेला एक भारतीय फाटा आहे. गेब्रिएल डेव्हिऑन नावाचा, भारतात जन्मलेला आणि जहाजावरून हवाईला पोचलेला एक माणूस केकुकूच्या आधीच, 1884 च्या सुमारास, तारांवर वस्तू घासून वाजवत होता अशी आठवण तिथल्या काही जाणत्यांनी नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडे विचित्र वीणा आहे, दक्षिणेत गोट्टुवाद्यम आहे. दोन्ही तारांवर गोटा किंवा लाकूड सरकवून वाजवतात. तेव्हा डेव्हिऑनच्या हातून आपली मींडच हवाईला गेली, असं म्हणून छाती फुगवायचा मोह आपल्याला होणारच. मी तो आवरतो. एका आठवणीच्या पुराव्यावर एवढा मोठा पूल उभा राहत नाही. शिवाय कल्पना कुणाला आधी सुचली यापेक्षा ती घेऊन जगभर कोण हिंडलं याला अशा गोष्टींत जास्त वजन असतं, आणि हिंडला तो केकुकू. 1904 मध्ये बेट सोडून तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, पुढे युरोपात वाजवत फिरला आणि 1932 मध्ये न्यू जर्सीत वारला.

हवाईची राणी लिलिउओकलानी हिला 1893 मध्ये गोऱ्या जमीनदार-व्यापाऱ्यांनी पदच्युत केलं आणि 1898 मध्ये अमेरिकेने बेटं गिळली. देश गेला, पण त्याच्या संगीताची नव्या मालकाला चटक लागली. ‘द बर्ड ऑफ पॅरडाइस’ हे हवाईची पार्श्वभूमी असलेलं नाटक 1912 मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि पुढे गावोगाव फिरलं. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या दालनातले वादक ऐकायला झुंबड उडाली. त्यानंतरची काही वर्षं अमेरिकेत हवाईयन तबकड्यांची लाटच होती. टपालाने गिटार शिकवणाऱ्या संस्था निघाल्या. दक्षिणेकडच्या डोंगराळ खेड्यातला गिरणी कामगारही आता मांडीवर गिटार आडवी घेऊन बसू लागला.

त्या दक्षिणेत एक दुसरी वाटही तोवर मळलेली होती. 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गिटारीच्या तारांवर चाकू दाबून गाणारा एक कृष्णवर्णीय माणूस पाहिल्याचं संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी लिहून ठेवलं आहे. 1923 मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलच्या सिल्व्हेस्टर वीव्हर या कृष्णवर्णीय वादकाने ‘गिटार रॅग’ नावाची तबकडी काढली. तेरा वर्षांनी टेक्सासच्या बॉब विल्सच्या वाद्यवृंदात लिऑन मॅकऑलिफने तीच चाल ‘स्टील गिटार रॅग’ म्हणून वाजवली आणि तो स्टील गिटारवाल्यांचा श्रीगणेशा ठरला. नाव झालं मॅकऑलिफचं. कंट्री संगीताच्या वंशवेलीत अशा पुसट झालेल्या फांद्या बऱ्याच आहेत, आणि त्या नेमक्या कुणाच्या पुसट होतात हेही पाहण्यासारखं आहे.

कंट्रीचा पहिला मोठा तारा जिमी रॉजर्स. त्याची पहिली ध्वनिमुद्रणं 1927 च्या ऑगस्टमधली, ब्रिस्टल गावातली. हा मिसिसिपीचा रेल्वे कामगार. पण 1929 मध्ये त्याच्या तबकडीवर स्टील वाजवली ती जो काइपो या हवाईयन माणसाने, आणि 1930 मध्ये हॉलिवूडला तो गायला तेव्हा साथीला हवाईचाच वाद्यवृंद होता. म्हणजे जन्मापासूनच हे वाद्य त्या संगीताच्या घरात आहे. पाहुणा म्हणून आलं आणि घरचंच होऊन बसलं.

एक अडचण मात्र होती. आवाज लहान. लाकडी गिटार मांडीवर आडवी केली की तिचा आवाज छताकडे जातो, ऐकणाऱ्याकडे नाही. स्लोव्हाकियातून आलेल्या डोपेरा कुटुंबातल्या जॉनने गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमचे शंकू बसवले. त्यातूनच पुढे डोब्रो नावाची गिटार निघाली. मग जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी तारांभोवती लोहचुंबक बसवून विजेवरची गिटार केली, 1932 मध्ये विकायलाही आणली. विजेवरची ही पहिली यशस्वी गिटार उभी धरून वाजवायची नव्हतीच. ती मांडीवरची हवाईयन होती. गोल पोट आणि लांब मान बघून लोकांनी तिचं नाव ‘फ्राइंग पॅन’ पाडलं. पुढे रॉक संगीताने जग हादरवलं त्या विद्युत गिटारीची ही आजी.

1933 मध्ये अमेरिकेत दारूबंदी उठली. टेक्सासच्या तेलपट्ट्यात रस्त्याकडेचे गुत्ते गजबजले. त्या गोंगाटात टिकायला विजेची गरज होतीच. 1935 मध्ये मिल्टन ब्राउनच्या वाद्यवृंदात बॉब डनने विजेवरची स्टील वाजवून ध्वनिमुद्रण केलं. कंट्रीतलं ते पहिलं समजतात.

इथून गायक हँक विल्यम्सकडे यायला फार वेळ लागत नाही. त्याचा साथीदार डॉन हेल्म्स. गिब्सनची दोन दांड्यांची, पेडल नसलेली स्टील. हेल्म्स वाजवायचा ते अगदी वरच्या सप्तकात. हँकचा आवाज मधल्या पट्टीत, तिथे गर्दी नको, असा सल्ला निर्माता फ्रेड रोझने दिला होता म्हणतात. सल्ला कुणाचाही असो, त्या टोकदार, काचेवर चरा उमटावा तशा सुरानेच ‘युअर चीटिन हार्ट’ सुरू होतं. ते मुद्रित झालं 23 सप्टेंबर 1952 ला. पुढच्या 1 जानेवारीला हँक गेला, वय 29. गाणं बाजारात आलं ते त्यानंतर. त्यात हँक कुठे गळा काढत नाही हे लक्षात घेण्यासारखं आहे. उलट त्याचा सूर जवळपास शापवाणीचा आहे. कणव आहे ती हेल्म्सच्या तारेत.

आयझॅक्सच्या पेडलने या कणवेला जणू सांधे दिले. पुढे बडी एमन्स या वादकाने आयझॅक्सचं पेडल दोन पेडलांत विभागलं: ग चा म एका पेडलवर, प चा ध दुसऱ्यावर. आता हुंदका अर्धा देता येत होता, आधी एक मग दुसरा असा देता येत होता. शॉट जॅक्सनबरोबर त्याने ‘शो-बड’ ही स्टील गिटारींची कंपनी उभी केली. 1962 मध्ये त्याने आणखी दोन तारा घातल्या. हळूहळू गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या आल्या. आजची नॅशव्हिल पद्धतीची स्टील म्हणजे दहा तारा, तीन पेडलं, चार-पाच गुडघेदांड्या. खाली डोकावलं तर पायाने चालवायच्या शिवणयंत्रासारखा सळ्यांचा पसारा. डाव्या हातात कांब, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डावा पाय पेडलांवर, दोन्ही गुडघे कामाला, आणि उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. हे शेवटचं फार महत्त्वाचं. तार छेडली जाते तेव्हा आवाज दाबून धरायचा आणि मग तो सावकाश सोडायचा. छेडल्याचा टणत्कार नाहीसा होतो. सूर शून्यातून उगवतो, माणसाच्या श्वासावर येतो तसा. सतारीचा सूर जन्मतःच विरायला लागतो, हा मात्र वाढतो.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलच्या निर्मात्यांना शहरी गिऱ्हाईक हवं झालं, तेव्हा त्यांनी स्टील मागे सारून व्हायोलिनांचे ताफे आणले. कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड याला बधलं नाही. ओक्लाहोमा-टेक्सासातून दुष्काळात परागंदा झालेल्यांची ती वस्ती. तिथल्या गुत्त्यांत राल्फ मूनी वाजवत होता. रे प्राइसने 1956 मध्ये गाजवलेलं ‘क्रेझी आर्म्स’ याच मूनीच्या लेखणीतलं. तिथल्याच बक ओवेन्सच्या ‘टुगेदर अगेन’मध्ये, 1964 साली, टॉम ब्रमलीने मधल्या जागेत स्टील वाजवली. गाण्याचे शब्द पुनर्भेटीचे, आनंदाचे. स्टील ऐकताना त्यावर विश्वास बसत नाही. भेट झाली आहे की भेटीचं स्वप्न पडलं आहे, हा संशय ब्रमलीने घातला. शब्दांत तो नाही.

याच सुमारास या वाद्याची दुसरी पाती आपल्याकडे वाढत होती. केकुकूच्याच लाइए गावात वाढलेला ताउ मोए सहकुटुंब जगभर वाजवत फिरायचा. चाळीसच्या दशकात काही वर्षं ते कुटुंब कलकत्त्यात राहिलं. तिथे हवाईयन गिटार घरोघर गेली. मुंबईत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी ती सिनेमाच्या गाण्यांत नेली. ब्रिजभूषण काब्रांनी 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत तिच्यावर राग वाजवले. पेडलांची त्यांना गरज नव्हती. आपल्याला स्वरमेळ सरकवायचाच नव्हता, एकच सूर सरकवायचा होता, आणि त्याला एक कांब पुरते. पुढे विश्वमोहन भट्ट कंट्री-ब्लूग्रासच्या जेरी डग्लसबरोबर वाजवायला बसले तेव्हा दोन चुलतभावांची गाठ पडली म्हणायची.

पेडल न वापरणारा एक माणूस नॅशव्हिलमध्येही होता. जेरी बर्ड, ओहायोचा. 1949 मध्ये हँकच्या ‘आय ॲम सो लोनसम आय कुड क्राय’मध्ये स्टील त्याची आहे. सगळे पेडलांकडे वळले, तो वळला नाही. सुराचं वळण हातातून यावं, पायातून नव्हे, असा त्याचा हट्ट. मागणी आटली. 1972 मध्ये तो होनोलुलूला गेला. तिथे आढळलं की ज्या बेटांनी हे वाद्य जगाला दिलं तिथेच ते शिकणारी पोरं उरली नव्हती. ओहायोच्या या गोऱ्या माणसाने त्यांना शिकवायला घेतलं. ॲलन अकाका त्याचाच शिष्य, आणि आज तो हवाईत पुढच्यांना शिकवतो. बर्ड 2005 मध्ये होनोलुलूतच वारला.

त्याचं पेडलांबद्दलचं म्हणणं मला पटत नाही. ब्रमलीची ती जागा नुसत्या कांबेने निघाली नसती. पण ‘आय ॲम सो लोनसम’ लावलं की वादात माझी बाजू लंगडी पडते, हेही आहे.