प्रकाशाचे ओझे



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो त्या घडविणाऱ्या माणसांचाच इतिहास असतो. गणपतीच्या मांडवाला, दुकानाच्या पाटीला, घराच्या छताला आज जी एलईडीची पट्टी लावलेली दिसते, तिचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे. माझे शालेय शिक्षण बेताचेच. उमेदीची वर्षे कामगार संघटनेत गेली. त्यामुळे कोणतेही यंत्र पाहिले की ‘याचे ओझे कोण वाहतो?’ हा प्रश्न मला प्रथम सुचतो. या पट्टीलाही मी तोच विचारला आहे.

1907 साली हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्याला कार्बोरंडमच्या खड्यातून वीज नेताना पिवळसर उजेड दिसला. त्याने एक छोटेसे टिपण छापले आणि गोष्ट तेथेच राहिली. पुढे रशियात निझनी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत ओलेग लोसेव्ह नावाच्या तरुण तंत्रज्ञाने या उजेडाचा चिकाटीने अभ्यास केला आणि 1927 साली तो प्रसिद्ध केला. 1942 साली, लेनिनग्राडच्या वेढ्यात, तो उपासमारीने मेला. 1962 साली अमेरिकेत निक होलोन्याक याने डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी तयार केला; हा कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या स्थलांतरित मजुराचा मुलगा. निळा प्रकाश मात्र तीस वर्षे हुलकावणी देत राहिला, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळेना. अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या जपानी संशोधकांनी ते कोडे सोडविले; 2014 साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यांपैकी नाकामुरा हा निचिया नावाच्या कंपनीत नोकरीला होता. 1993 साली कंपनीने त्याचा तेजस्वी निळा दिवा जगापुढे आणला. या शोधाबद्दल त्याच्या हाती 20,000 येन बक्षीस पडले होते. पुढे तो न्यायालयात गेला. 2004 साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने 2,000 कोटी येन देण्याचा निवाडा दिला आणि 2005 साली सुमारे 84 कोटी येनांवर तडजोड झाली. मूळ बक्षीस आणि तडजोडीची रक्कम यांतील अंतर आपणच मोजावे.

परंतु दिवा हा या कथेचा अर्धाच भाग. पट्टीचा उजेड कमीजास्त करावयाचा, रंग पालटावयाचा, तर मध्ये वीज सोडणारा आणि अडविणारा कोणी तरी लागतो. सेकंदाला शेकडो वेळा वीज तोडून जोडावी लागते. डोळ्याला ती तुटकता न दिसता उजेड फक्त मंद झालेला दिसतो. हे काम पॉवर ट्रान्झिस्टर करतो. ट्रान्झिस्टर 1947 साली बेल प्रयोगशाळेत जन्मला. 1960 नंतरच्या दशकात 2एन3055 हा ट्रान्झिस्टर घरोघरच्या यंत्रांत शिरला. मोठा कष्टाळू गडी, पण खर्चिक. 6 अँपिअर वाहताना सुमारे 1 व्होल्ट तो स्वतःच खातो, म्हणजे 6 वॅट नुसती उष्णता. शिवाय त्याला चालू ठेवण्यास अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह द्यावा लागतो; आजच्या नियंत्रक चिपला तो झेपत नाही. आणि असे दोन गडी शेजारी जुंपले तर जो अधिक तापतो तोच अधिक प्रवाह ओढतो, आणखी तापतो, आणि अखेर जळून जातो.

या दोषावरचा उपाय दुसऱ्या घराण्यातून आला. मोहमद अटाला हा इजिप्तचा आणि दावोन कांग हा कोरियाचा. दोघांनी बेल प्रयोगशाळेतच 1959-60 च्या सुमारास मॉसफेट घडविला. पुढे 1970 नंतरच्या दशकात त्याची जड कामाची जात निघाली. तिच्या एका चिपवर हजारो सूक्ष्म मॉसफेट शेजारी शेजारी बसविलेले असतात. पूर्ण उघडलेल्या स्थितीत त्यांतला एखादा तापला की त्याचा विरोध वाढतो आणि त्याच्या वाटचा प्रवाह शेजारी उचलतात. ज्याला ताप चढला त्याचे ओझे इतरांनी वाटून घ्यावयाचे! संघटना म्हणजे काय हे सांगावयास मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही.

आता व्यवहाराचे बोलू. 12 व्होल्टच्या पट्टीत तीन दिवे आणि एक रोधक असे गट असतात. मीटरला 14.4 वॅट खाणारी पट्टी 5 मीटर लावली तर 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर झाले. 0.025 ओहम विरोधाचा मॉसफेट घेतला तर सहाचा वर्ग गुणिले 0.025, म्हणजे 0.9 वॅट उष्णता. 2एन3055 च्या 6 वॅटशी तुलना करून पाहा. मात्र हा विरोध गेटला किती व्होल्ट दिल्यावर मिळतो, हे माहितीपत्रकात वाचलेच पाहिजे. नियंत्रक 5 किंवा 3.3 व्होल्टच देतो; पुष्कळ मॉसफेटना 10 लागतात. पत्रकात ‘थ्रेशोल्ड’ म्हणून दिलेला आकडा पाहून फसू नये. गिरणीचे फाटक किलकिले झाले म्हणजे सबंध पाळी आत गेली असे होत नाही! अर्धवट उघडलेला मॉसफेट तापतो आणि मरतो.

वीजपुरवठ्याचेही तसेच. 72 वॅटच्या पट्टीला 72 वॅटचाच पुरवठा जोडणे म्हणजे माणसाला रोज शेवटच्या श्वासापर्यंत राबविणे. 90 ते 100 वॅटचा घ्यावा आणि त्याला वारा लागू द्यावा. त्याच्या पोटातील कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. लांब पट्टीचे टोक मंद दिसत असेल, तर दोष दिव्यांचा नसून पातळ तांब्याचा असतो. वीज दोन्ही टोकांनी द्यावी.

मांडव झगमगला की वाहवा दिव्यांची होते. बंद पेटीतल्या ट्रान्झिस्टरची आणि पुरवठ्याची आठवण होते ती अंधार झाल्यावर. पोशिंद्याची शक्ती किती आणि त्यावर भार किती, हा हिशेब आधी मांडणे यालाच मी शहाणपण म्हणतो. आणि तो मांडताना पेटीतल्या यंत्राबरोबर ते घडविणाऱ्या माणसाचाही मांडला जावा, एवढीच माझी विनंती आहे.