हेलकावा वाद्याचा की स्वराचा? एलएफओची कुळकथा

पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक स्वर वाजवणाऱ्या, सिंथेसायझरचा एलएफओ फिल्टरला जोडा आणि सा, ग, प या पट्ट्या थोड्या थोड्या अंतराने दाबून धरा. काही वाद्यांत तिन्ही स्वर एकदमच उजळतात आणि एकदमच मंदावतात. काही वाद्यांत मात्र सा मंदावत असताना ग उजळत असतो आणि प त्या दोघांच्या अधेमधे कुठेतरी असतो. हा फरक कुठून आला, ते समजायला थोडे मागे जावे लागते.

एलएफओ म्हणजे लो फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर. साधारण 20 हर्ट्झच्या खालचे आंदोलन कानाला सूर म्हणून जाणवत नाही. पण दुसऱ्या सुराची उंची, त्याचा जोर किंवा त्याचा पोत ते हलवू शकते. एखाद्या क्षणी हा हेलकावा चढावर आहे, माथ्यावर आहे की उतारावर, त्या स्थितीला फेज म्हणतात.

हे काम विजेच्या कितीतरी आधी सुरू झाले. युरोपातील चर्चच्या ऑर्गनमध्ये सोळाव्या शतकातच ट्रेम्युलंट नावाची योजना होती. भात्यातून नळ्यांकडे जाणारी हवाच ती ठरावीक गतीने हलवत असे. त्या हवेवर वाजणाऱ्या सगळ्या नळ्या साहजिकच एकत्र थरथरत. व्हायोलिनच्या ताफ्यात याच्या अगदी उलट घडते. तिथे प्रत्येक वादकाचे बोट स्वतःच्या गतीने झुलते. दोघांचे हेलकावे तंतोतंत जुळत नाहीत आणि ताफ्याच्या आवाजाला जो भरदारपणा येतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. एलएफओच्या कुळात ही दोन्ही घराणी आहेत.

सगळ्या स्वरांना एकच हेलकावा की प्रत्येकाला वेगळा, हा प्रश्न विजेवरच्या सुरुवातीच्या वाद्यांपुढे फारसा उभा राहिला नाही, कारण त्यांतली बरीचशी एका वेळी एकच स्वर वाजवत. फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी 1947 मध्ये घडवलेले क्लॅव्हिओलिन तसेच होते. त्यात व्हायब्रेटोसाठी वेगळे मंद आंदोलन होते. 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन कल्याणजींनी याच वाद्यावर वाजवली, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतातून या जातीच्या वाद्याचा आवाज घरोघरी पोहोचला.

रॉबर्ट मूग यांच्या 1964 पासूनच्या मॉड्युलर वाद्यांनी या कल्पनेला मोकळे केले. एका ऑसिलेटरचा व्होल्टेज दुसऱ्याला चालवू शकतो, हे त्यांचे मूळ सूत्र. त्यामुळे मंद ऑसिलेटर हे वेगळे यंत्र असण्याची गरजच नव्हती. 1970 च्या मिनिमूगमध्येही स्वतंत्र एलएफओ नाही. तिसरा ऑसिलेटर खालच्या पल्ल्यावर नेला की तो ते काम करतो, पण मग आवाजातला एक सूर गमवावा लागतो. 1972 च्या आर्प ओडिसीमध्ये एलएफओला स्वतःची जागा मिळाली.

खरा पेच पॉलिफोनीबरोबर आला. टॉम ओबरहाइम यांनी 1975 मध्ये फोर व्हॉइस काढला, तो चार स्वतंत्र सिंथेसायझर एका कीबोर्डला जोडून. प्रत्येकाचा एलएफओ वेगळा, त्याची गती ठरवणारी कळही वेगळी. चारही कळा हाताने कधीच तंतोतंत जुळत नसत, म्हणून हेलकावे हळूहळू एकमेकांपासून सरकत राहत. त्या वाद्याच्या रुंद, जिवंत आवाजात या सरकण्याचा मोठा वाटा आहे.

1978 च्या प्रॉफेट-5 मध्ये पाच स्वरांना मिळून एकच एलएफओ होता. स्वरागणिक वेगळे सर्किट म्हणजे वाढता खर्च. मात्र या वाद्याचे रचनाकार डेव्ह स्मिथ यांनी पॉलिमॉडची वाट ठेवली होती. प्रत्येक स्वराचा ‘बी’ ऑसिलेटर मंद करून त्याच स्वराचा फिल्टर हलवता येई. 1984 च्या जुनो-106 मध्येही सर्व स्वर एकाच एलएफओवर झुलतात. त्याच वर्षीच्या ओबरहाइम एक्सपांडरने हा हिशेबच बदलला. त्यातले एलएफओ प्रोसेसर गणिताने तयार करत असे, म्हणून सहा स्वरांपैकी प्रत्येकाला पाच, म्हणजे एकूण तीस एलएफओ देणे शक्य झाले.

स्वरागणिक एलएफओ मिळाला, तरी तो कुठून सुरू करायचा हे ठरवावे लागतेच. पट्टी दाबताच हेलकावा आरंभापासून सुरू होणे म्हणजे की सिंक. दाबण्याकडे लक्ष न देता तो चालूच राहणे म्हणजे फ्री रन. 1983 च्या डीएक्स7 मध्ये की सिंक आहे, पण एलएफओ एकच. त्यामुळे नवी पट्टी दाबली की आधी वाजत असलेल्या स्वरांचा हेलकावाही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. स्वरागणिक एलएफओत असे होत नाही. तिथे फेज बोटांच्या वेळेवर ठरते. गती 5 हर्ट्झ असेल तर एक हेलकावा 200 मिलिसेकंदांचा. दुसरी पट्टी 100 मिलिसेकंद उशिरा पडली, तर दोन स्वर बरोबर उलट दिशेने झुलतात. आरंभबिंदूही महत्त्वाचा. साइन लहर 0 अंशावर सुरू झाली तर व्हायब्रेटोचा स्वर सुरात उमटून मग झुलतो. 90 अंशांवर सुरू झाली तर तो पहिल्याच क्षणी चढा लागतो.

म्हणून एकच एलएफओ म्हणजे उणीव आणि अनेक म्हणजे प्रगती, असे मानणे मला चूक वाटते. सगळा कॉर्ड एका अंगाने धडधडायला हवा असेल, तर ट्रेम्युलंटचे घराणेच योग्य. तंतुवाद्यांच्या ताफ्यासारखा विस्तार हवा असेल, तर स्वरागणिक एलएफओ आणि फ्री रन. बेसचा प्रत्येक ठोका सारखाच उमटायला हवा असेल, तर की सिंक. नवे वाद्य किंवा फोनवरचे अ‍ॅप हाती आले, की एलएफओ अर्धा हर्ट्झवर आणा, फिल्टरला जोडा आणि दोन पट्ट्या सेकंदाच्या अंतराने दाबून ऐका. माहितीपुस्तिका उघडण्याआधीच, ते वाद्य कोणत्या घराण्याचे आहे हे तुमचे कान सांगतील.