उद्यानाखालचे गाव

न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क म्हणजे मूळच्या रानाचा जपून ठेवलेला तुकडा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. तेथील तळी खोदलेली आहेत, माती बाहेरून आणलेली आहे आणि झाडे बहुतेक लावलेली आहेत. १८५८ साली ओल्मस्टेड व व्हॉक्स या दोघांचा आराखडा पसंत झाला आणि त्याबरहुकूम हे सारे घडविले गेले. अस्सल जुना म्हणावा तो तेथला खडक. सुमारे ४५ कोटी वर्षांचा, अभ्रकाने चकाकणारा हा करडा खडक जागोजाग माथा वर काढून बसला आहे. हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर त्यावरून सरकले, त्यांचे चरे आजही स्पष्ट दिसतात. पुष्कळ खडक सुरुंगांनी फोडले गेले हे खरे. तरी उरलेले शोभेसाठी राखण्याची दृष्टी आराखडा करणाऱ्यांना होती, हे श्रेय आम्ही नाकारीत नाही.

परंतु या जमिनीवर माणसेही होती. पश्चिमेच्या अंगाला, आजच्या ८२ ते ८९ क्रमांकांच्या रस्त्यांच्या दरम्यान, व्हाइटहेड कुटुंबाची शेतजमीन होती. तिचे तुकडे पाडून ते विकावयास निघाले. १८२५ साली अँड्र्यू विल्यम्स या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने त्यांतले ३ तुकडे १२५ डॉलरला घेतले. जोडे पुसून पोट भरणारा माणूस हा! न्यूयॉर्क राज्यातून गुलामगिरी पुरती उठावयास तेव्हा आणखी २ वर्षे अवकाश होता. १८२१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीय पुरुषाला मत देण्यासाठी २५० डॉलरच्या स्थावराची अट घातली होती. गोऱ्यांना ती नव्हती. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर, सातबाऱ्यावर नाव लागले तरच माणूस नागरिक!

ही वस्ती म्हणजे सेनेका व्हिलेज. १८५५ च्या सुमारास तेथे सव्वादोनशे माणसे नांदत होती. त्यांत सुमारे एक तृतीयांश आयरिश होते. ३ चर्च होती, शाळा होती, परसातल्या बागा होत्या. १८५३ साली उद्यानासाठी जमीन घेण्याचा कायदा झाला. वृत्तपत्रांनी या घरमालकांना झोपड्यांतले उपरे ठरविले. विल्यम्सने ३५०० डॉलर मागितले, हाती २३३५ पडले. १८५७ मध्ये गाव मोकळे करण्यात आले. पैशाच्या तुटीपेक्षा, ज्या स्थावरावर मताचा हक्क उभा होता तेच गेले, ही हानी आम्हांस मोठी वाटते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ ज्या देशातील सज्जनांना अर्पण केली, त्याच देशातली ही हकीकत आहे.

पुढे शंभराहून अधिक वर्षे हे गाव विस्मरणात गेले. २०११ साली तेथे रीतसर उत्खनन झाले. उद्यानातला सर्वांत उंच नैसर्गिक माथा, समिट रॉक, तेथून जवळच आहे. हिरवळीखाली एका घराचा दगडी पाया लागला; लोखंडी किटली, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि चामडी तळाचा एक लहानसा जोडा निघाला.